ब्रह्मदेशात राहिलेली माणसं

दुभाष्याकडे किस्से आपोआप साठतात. दोन माणसं बोलतात आणि तिसरा मध्ये बसून दोघांचंही ऐकतो! अंबडच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं जपानी-मराठीचं हे काम करतेय. साठीचे इंजिनिअर मोरी-सान जपानहून आले, तेव्हापासूनचे किस्से मात्र हसत सांगायला घेते आणि मध्येच गप्प होते.

कॅन्टीनमधली गोष्ट. क्वालिटीचा जाधव मोरी-सानांना छाती फुगवून म्हणाला, "आमचे पणजोबा इंग्रजांची फौज सोडून आझादीच्या फौजेत गेले. ब्रह्मदेशात तुमच्याच बाजूनं लढले!"

शेजारी स्टोअरचा गांगुर्डे जेवत होता. तो म्हणाला, "माझे पणजोबा इंग्रजांच्याच फौजेत राहिले. तिथंच, यांच्याविरुद्ध. परत नाही आले."

दोघांच्याही घरी फोटोला हार! मोरी-सानांनी मला हळूच विचारलं, "मग तुमचा देश कुठल्या बाजूला होता?"

मी प्रश्न मराठीत केला. जाधवनं गांगुर्डेकडे बघितलं, गांगुर्डेनं जाधवकडे.

"मॅडम," जाधव म्हणाला, "हे आम्हाला शाळेत पोर्शनमध्ये नव्हतं!"

एकदा मोरी-सानांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. वय पंचविसेक. त्यांनी गांगुर्डेला कॅमेऱ्यासमोर ओढलं. "यांचे पणजोबा आणि तुझे पणजोबा एकाच लढाईत होते बरं का."

"हो? एकाच टीममध्ये?" पोरीनं विचारलं.

मोरी-सान मोठ्यानं हसले. फोन ठेवल्यावर गांगुर्डेला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला.

एकदा मी आणि मोरी-सान देवळाली कॅम्पकडून गाडीनं येत होतो, तेव्हा तोफांचा सराव चालू होता. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मोरी-सान मात्र दचकले आणि मग स्वतःहूनच बोलायला लागले. त्यांचे आजोबा ब्रह्मदेशात गेले ते गेलेच. आजीला सरकारकडून पांढऱ्या कापडात बांधलेली लाकडी पेटी मिळाली. आत अस्थी आहेत, म्हणाले. आजीनं पेटी हलवली तर खडखड वाजली. उघडली, तर आत एक दगड!

"मग त्यांनी काय केलं?"

"काय करणार? मरेपर्यंत रोज त्याच्यापुढे भात ठेवला."

आणि आता वणीचं. गांगुर्डेचं गाव वणीजवळ. त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. घरात त्याची आजी, चौऱ्याऐंशीची. ब्रह्मदेशात गेले ते हिचे वडील. ते गेले तेव्हा ही पाळण्यात होती. पुढे एक कागद आला, बेपत्ता म्हणून. कुठं, कसे, कुणीच कधी सांगितलं नाही. हिची आई जन्मभर कुंकू लावावं की नको, या घोरात राहिली.

पुरणपोळी वाढली होती. मोरी-सान मन लावून जेवत होते. आजी त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "बाई, हे जपानचे ना? याला इचार, याचा आजा हुता का तिथं? त्यानंच मारलं का माझ्या बापाला?"

गांगुर्डेचा घास हातातच राहिला.

"काय म्हणतात आजी?" मोरी-सानांनी विचारलं.

नऊ वर्षांत मी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी केला. जपानीत म्हटलं, "अजून एक पोळी घेणार का, असं विचारतात."

मोरी-सानांचा चेहरा खुलला. हो-नाही म्हणण्यापुरती मराठी त्यांना यायला लागली होती. ते थेट आजींकडे वळले, हात जोडले, मान लववली आणि म्हणाले, "हो! हो!"

आजी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुनीतरी सांगितलं तरी."

आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "तूप वाढ गं त्याला."