पानाखालचे नाव

नामदेवराव गायधने यांची नि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढले होते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मी कॉलेजच्या मोठ्या संगणकावर काम पाठवत होते. आमच्या तुमसरच्या राइस मिलमध्ये धानाची पोती नंबराने लागतात, तशी तिथे सगळ्यांची कामे रांगेत लागतात. काम रांगेत लावणे, त्याची खबर घेणे, नको असल्यास थांबवणे, हे सारे एका मोफत साधनाने, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून करायचे. त्या साधनाचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसे वापरायचे हे सांगणारी पाने, दोनदा वाचूनही माझे काम चालेना. पाने सांभाळणाऱ्याला मी रागारागात पत्र लिहिले आणि सवयीने खाली नाव-गाव टाकले. उत्तर चक्क मराठीत आले. ‘मी भंडाऱ्यात राहतो. रविवारी या आणि ते पान माझ्यासमोर चालवून दाखवा.’

गेले. नामदेवरावांनी, म्हणजे आमच्या काकाजींनी, मला संगणकासमोर बसवले आणि स्वतः हाताची घडी घालून शेजारी बसले. तिसऱ्या पायरीला मी अडले.

“सांगा ना, काकाजी.”

“मी कायले सांगू? पानानं सांगाले पाह्यजे.”

मी जिथे अडले, ती ओळ त्यांनी माझ्यादेखत बदलली.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरीला असताना काकाजी यंत्रांजवळ लावायची सूचनापत्रे लिहीत. नवख्या माणसाने नुसत्या कागदावरून यंत्र चालवून दाखवल्याशिवाय तो कागद पुरा झाला असे ते मानत नसत. निवृत्तीनंतर या साधनाची पाने त्यांनी हाती घेतली, ती त्याच शिस्तीने. बहुतेक पानांचा पहिला नवखा माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी, सुमनकाकू. “भाजीत मीठ बरोबर हाये का, हे मी विचारलं तं मान वर नाही करत, अन् मले रोज विचारतात, ही ओळ समजली का,” असे त्या म्हणतात. पण अडले की स्पष्ट सांगतातही.

काकाजींचा आणखी एक दंडक आहे. ज्याने पान स्वतःच्या हाताने चालवून पाहिले, त्याचे नाव तारखेसह त्या पानाखाली लागते. पुढे मीही त्यांच्यासोबत पाने लिहू-तपासू लागले. माझे नाव पहिल्यांदा लागले तेव्हा मी ते साऱ्या घराला दाखवले होते.

त्याच पानाने मला तोंडघशी पाडले. काम थांबवायचे पान होते ते. कमांडमध्ये कामाचा नंबर द्यायचा, तर मी स्वतःचे नाव द्यायचा नमुना लिहिला. चालवून पाहिला तेव्हा माझे रांगेत एकच काम होते, तेच थांबले. नाव दिले की त्या माणसाची सगळीच कामे थांबतात, हे मला कळायला मार्गच नव्हता. धानाच्या वाणांवर संशोधन करणाऱ्या एका मुलीने ते पान वाचून एक काम थांबवायला घेतले आणि तिची कित्येक दिवस चाललेली सगळी कामे मधेच बंद पडली. तिचे पत्र वाचून मला रडू कोसळले. काकाजींकडे जाऊन म्हटले, माझे नाव काढा, मी हे काम सोडते.

“नाव काहाडलं, तं पुढच्यानं विचाराले कोनाच्या दारी जायचं?” एवढेच ते म्हणाले. मग माझ्या नावाखाली त्यांनी आपले नाव घातले आणि लिहिले, ‘हे पान मीही वाचले होते.’ त्या मुलीला दोघांच्या सहीने माफीचे पत्र गेले. तेव्हापासून रांगेत तीन तरी कामे असल्याशिवाय आम्ही ते पान तपासत नाही. ती मुलगी आता आमच्यासोबत पाने तपासते, आणि माझ्यापेक्षा कडक तपासते. मीही राहिले. जगात कुठे कुठे लोक आमची पाने उघडून काम करतात आणि ती आमच्या भंडाऱ्यात दुरुस्त होतात, हे सांगताना माझी मान ताठ होते. कोणी याला गर्व म्हणो.

काकाजींना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. हा लेखही मी आधी त्यांच्या हाती दिला आणि हाताची घडी घालून शेजारी बसले. स्तुतीपाशी ते थांबले नाहीत. माझी चूक सांगणाऱ्या परिच्छेदावर मात्र त्यांनी बोट ठेवले.

“इथं नुसती तुयीच चूक दिसून राहिली. मायं नाव कुठं हाये?”

काकाजी, ते त्या पानाखालीच आहे, माझ्या नावाला लागून. तुमची नजर अशीच शाबूत राहो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि शंभरीच्या वर्षीही एखाद्या पानाखाली ताज्या तारखेसह तुमचे नाव मला वाचायला मिळो.