तिचं नाव धनमाया होतं

ती गेली त्याला आता सात आठवडे होतील. त्या दिवशी सकाळी मी वर्गात होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, ते पोरींना दाखवत होते. तेवढ्यात फोन वाजला. वर्गात फोन घेतलेला मला खपायचा नाही, त्यावरून मी पोरींना फाडून खायचे. दोनदा कापला, तिसऱ्यांदा वाजला म्हणून घेतला. पलीकडून वॉर्डातली सिस्टर बोलत होती. सरिता नावाच्या पेशंटच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सगळ्यात वर आहे, 'मॅडम जी' म्हणून. पेशंट एक्सपायर झाली आहे, सोबतचा भाऊ बोलण्याच्या अवस्थेत नाही, येऊ शकाल का, असं तिनं विचारलं. हे असंच वाक्य, याच सुरात, मी स्वतः नोकरीत असताना किती घरांना ऐकवलंय. तेव्हा पलीकडचं माणूस गप्प का होतं, ते मला त्या दिवशी कळलं. चादरीचं टोक हातातच होतं. "कोपरा ओढून घ्या, सुरकुती राहिली की पाठीला जखम होते," एवढं पोरींना बजावलं आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले.

सरिता हे तिचं नाव नव्हतं. तिचं नाव धनमाया. या लेखात बाकी सगळ्यांची नावं मी बदलली आहेत किंवा गाळली आहेत. तिचं तेवढं खरं ठेवलंय, कारण ते कुठंतरी छापलेलं असावं, एवढ्याचसाठी मी हे लिहायला बसले आहे. नाहीतर मी कसली लिहिणारी! मी मूळची कऱ्हाडची. नवऱ्याच्या नोकरीपायी चंडीगडला आले आणि इथलीच झाले. आयुष्य वॉर्डात नर्सिंग करण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून एका छोट्या केंद्रात रुग्णसेविकांचा कोर्स शिकवायला लागले. आपल्याकडं ज्यांना वॉर्डातल्या मावशी म्हणतात, त्यांचंच हे काम. इकडं अटेंडंट म्हणतात. सहा महिने शिकायचं, मग इस्पितळात नाहीतर कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसांपाशी नोकरी. येणाऱ्या बहुतेक पोरी बाहेरच्या. कुणी झारखंडची, कुणी पूर्वांचलातली, आणि बऱ्याच नेपाळच्या.

धनमाया पहिल्यांदा आली ती कार्डाशिवाय. सव्वीसेक वर्षांची, बुटकी, ओठ कायम मिटलेले. पिंजौरला भावाकडं राहायची, तिथून बसनं आली होती. नाव धनमाया सांगितलं. मी तिला दारातूनच परत पाठवलं. तशी मी तोंडाळ बाई आहे. "कागद नाही तर इथं काय भजन करायला आलीस?" असं म्हणाले. तिच्यापाशी कागद असणार कुठून! नेपाळात नागरिकतेचा दाखला काढायला बापाचा नाहीतर नवऱ्याचा कागद मागितला. बाप ती लहान असतानाच परागंदा झालेला, नवरा नव्हताच. तिकडची कुणी नाही, म्हणून इकडचीही कुणी नाही. हे मला पुढं कळलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, हातात आधार कार्ड घेऊन. कार्डावर नाव सरिता. फोटोतल्या बाईच्या हनुवटीवर तीळ होता, समोरच्या पोरीच्या नव्हता. मी कार्डाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही. "भाभी का है, मॅडम जी. बस छह महीने. काम सीख लूँ, फिर नाम कौन पूछता है?"

मी ते कार्ड घेतलं. दया आली म्हणून घेतलं, असं इतके दिवस मी स्वतःला सांगत होते. पण खरं सांगायचं तर वीस पोरी भरल्याशिवाय बॅच सुरू करायची नाही असा आमचा नियम, आणि माझ्याकडं एकोणीस होत्या. त्या दिवसापासून हजेरीत ती सरिता झाली, आणि मीही तिला सरिता म्हणूनच हाक मारायला लागले. एकटी भेटली तरी. चुकून भलत्या वेळी तोंडातून निघायला नको, असा माझा शहाणपणा!

शिकायला मात्र पोरगी अशी की काय सांगू. वर्गात रुग्ण मी व्हायचे. पलंगावर आडवी पडायचे आणि मुद्दाम त्रास द्यायचे. कण्हायचं, हात झटकायचा, घास थुंकायचा. बाकीच्या पोरी हसायच्या, नाहीतर चमचा कोंबायच्या. ही थांबायची. घास गिळला की नाही ते माझ्या गळ्याकडं बघून ठरवायची, मगच पुढचा चमचा. इतक्या सावकाश मला माझ्या आईनंतर कुणी भरवलं नसेल. इथल्या जानेवारीत हात नुसते गोठून जातात. ही रुग्णाला शिवण्याआधी दोन्ही हात काखेत धरून ऊन करून घ्यायची. हे मी शिकवलेलं नव्हतं. "कुठं शिकलीस गं?" म्हटलं, तर म्हणाली, गावाला शेळ्यांची धार काढताना. माझं ऐकून ऐकून तिला थोडं मराठीही यायला लागलं होतं. "मॅडम जी, बास," असं म्हणायची, आणि ते 'बास' अगदी कऱ्हाडचं असायचं.

पहिल्याच आठवड्यात मी एक धडा घोकून घ्यायचे. हात लावण्याआधी रुग्णाला नाव विचारायचं, मनगटावरची पट्टी वाचायची, कागदाशी ताडून बघायची. एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं की माणूस हकनाक मरतो. नावाची चूक ही जिवाची चूक. हे मी दर बॅचला ओरडून ओरडून सांगायचे. समोर दुसरीच्या नावानं बसलेली पोरगी ते वहीत उतरवून घेत होती, आणि माझ्या आवाजात तेव्हा जराही फरक पडला नव्हता.

कोर्स झाला. एका इस्पितळात तिची निवडही झाली. बसून जेवायची सुट्टी, फंड, आजारपणाची रजा, सगळं मिळणार होतं. पण रुजू होताना मशीनवर अंगठा ठेवायचा होता, आणि अंगठा काही वहिनीकडून उसना आणता येत नाही. ती गेलीच नाही. मला सांगितलं, इस्पितळाचा वास सहन होत नाही. मी तिच्यावर डाफरले, नाटकं करतेस म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग तिनं शेजारच्याच पंचकुल्यात एका घरी काम धरलं. लकवा मारलेल्या एका म्हाताऱ्या माताजींपाशी, सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांचा मुलगा भला माणूस, कागद बघितला आणि पुढं काही विचारलं नाही. अधूनमधून तिचा फोन यायचा. माताजींच्या पाठीला एक ओरखडाही नाही, हे ती मला दर वेळी सांगायची.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. पहिल्या दिवशी मी फोनवरच सांगितलं, गोळी घे, पाणी पीत राहा. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रक्त तपासून घे, डेंग्यूची साथ आहे. ती म्हणाली, "पर्ची किसके नाम की बनेगी?" मी म्हटलं, अगं, सरिताच्या नावाची, आजवर चाललंय तसंच. तर तिनं ते मानलं नाही. मग म्हणाली की, वहिनीला सातवा महिना लागलाय, तिची फाइल सरकारी रुग्णालयात त्याच कार्डावर आहे. मी त्या कार्डावर गेले की कॉम्प्युटरमध्ये तीच फाइल उघडणार. माझा रक्तगट तिच्या नावावर चढेल. डिलिव्हरीत तिला रक्त लागलं तर?... मी सांगितलं, बाई गं, रक्त देण्याआधी तिथं पुन्हा तपासतात, असं काही होत नाही. घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ती म्हणाली, "आप ही ने सिखाया था, मॅडम जी. नाम की गलती जान की गलती."

मी तेव्हाच रिक्षा करून जायला हवं होतं. तिला दंडाला धरून उठवायला हवं होतं. माझं स्वतःचं नाव पणाला लावून एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांसमोर उभी करायला हवी होती. पण मग विचारलं असतं, ही कोण? तुमच्या केंद्रात कोणत्या नावानं होती?... मी म्हणाले, उद्या बघू. एवढी वर्षं नर्सिंग केलेली बाई, डेंग्यूचा तिसरा-चौथा दिवस कसा फिरतो ते मला कळत नव्हतं का? चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, शुद्ध हरपली, आणि भावानं हाताला लागलं ते कार्ड घेऊन तिला दाखल केलं. तेच कार्ड. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तो फोन आला.

शवागाराच्या खिडकीशी आम्ही तिघं होतो. मी, तिचा भाऊ, आणि पोटावर ओढणी घेऊन उभी असलेली सरिता. खरी सरिता. कारकुनानं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सही करा, दुपारपर्यंत बॉडी मिळेल." मृताचं नाव या रकान्यात सरिता लिहिलेलं होतंच. सही केली असती तर दोन महिन्यांनी बाळंत होणारी बाई सरकार दरबारी मेली असती, आणि धनमाया तर कधी जन्मलेलीच नव्हती. हे सगळं मला लख्ख कळत होतं. तरी मी पेन हातात घेतलं. भाऊ फरशीकडं बघत होता. मी सहीची जागा शोधत होते. तेव्हा सरितानं माझ्या हातावर हात ठेवला आणि कारकुनाला सांगितलं, "सरिता मैं हूँ जी. ये मेरी ननद है, धनमाया." जिचं घर, रेशन, येणारं लेकरू, सगळं त्या एका कार्डावर उभं होतं, ती बोलली.

मग कारकुनानं धनमायाचं कार्ड मागितलं. नाही. शाळेचा दाखला? नाही. आम्ही चार दिवस तिच्या नावाचा एक, फक्त एक कागद शोधला. भावानं गावाकडं दहा-दहा फोन केले. माझ्याकडच्या हजेरीत सरिता, परीक्षेच्या पेपरवर सरिता, सर्टिफिकेटवर खाली माझी सही आणि वर सरिता. हे सगळे पुरावे माझ्याच हातानं तयार झालेले. शेवटी पोलिसांनी जबाब घेतले आणि कागदावर लिहिलं, अज्ञात महिला. माझा तोल गेला. "अज्ञात कशी हो? आम्ही तिघं इथं उभे आहोत ना! ओळखतो ना तिला!" हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाला, "ओळखता जी तुम्ही. कागद ओळखत नाही." पाचव्या दिवशी तिला अग्नी दिला, तो अज्ञात म्हणूनच.

केंद्रानं मला घरी बसवलं, ते बरोबरच झालं. त्याचं मला काही वाटत नाही... खोटं कशाला बोलू, वाटतं. पण रडू येतं ते त्याचं नाही.

तेराव्यानंतर तिची पिशवी आणायला मी पंचकुल्याला त्या घरी गेले. मुलगा कामावर गेला होता, नवी अटेंडंट गच्चीवर कपडे वाळत घालत होती. माताजी खिडकीपाशी पलंगावर होत्या. डोळे मिटलेले, पांढरे केस विंचरून एक बारीक वेणी घातलेली. मी पाऊल वाजू न देता पिशवी उचलली. तेवढ्यात त्यांनी अर्ध्या वाकड्या तोंडानं, पण स्पष्ट हाक मारली, "धनमाया?"

या एका खोलीत ती तिच्या नावानं राहिली होती. जिला सकाळचं दुपारी आठवत नाही, त्या बाईलाच तिनं आपलं खरं नाव सांगितलं होतं. आणि त्या बाईनं नेमकं तेवढंच धरून ठेवलं होतं. "धनमाया, पाणी." मी पिशवी खाली ठेवली. चमच्यानं पाणी पाजलं, घोट गिळेपर्यंत थांबले. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "तू कौन? धनमाया कित्थे?" धनमाया कुठंय, असं पंजाबीत विचारत होत्या.

दोन वर्षांत मी तिला एकदाही तिच्या नावानं हाक मारली नव्हती. पाण्याचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "धनमाया गुज़र गई, माताजी." त्या मोठ्यानं रडल्या. मीही रडले. डोळे पुसून मी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीखालची चादर सरळ केली. पाठीला खरंच एक ओरखडा नव्हता. थोड्या वेळानं त्या शांत झाल्या, त्यांना डुलकी लागली. मी उठणार, तोच त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडं बघत पुन्हा विचारलं, "धनमाया कित्थे?"