मागच्या सीटवरची झोप

लोहा-नांदेड रस्त्यावर रोज दिसणाऱ्या त्या लाल गाडीवाल्यावर मी मनातून जळायचो. गाडी माझ्या गाडीसारखीच, तेवढ्याच ताकदीची. पण वळणावर तो सहज पुढं निघून जायचा आणि माझा पाय ब्रेकवर यायचा. चहाला थांबला की दोन्ही हातांनी, आवाज न करता दार लावायचा. काय हे गाडीचे लाड!

यानं नक्की कडक बुश टाकले असणार, असं धरून मीही चाकांच्या दांड्यांतले, दणके झेलणारे रबरी बुश काढून कडक टाकले. गाडीचं झुलणं थांबलं, पण प्रत्येक खड्डा कमरेत उतरू लागला. बायको तर गाव सुटताच विचारते, "अजून किती राहिलं?"

परवा तोच माणूस गॅरेजात भेटला. झिजलेले बुश बदलून पुन्हा साधे रबरीच टाकून घेत होता.

"कडक का नाही टाकत?" मी विचारलं.

"टाकून बघितले की भाऊ. लई दणके. माय घरी एकटी ऱ्हात न्हाई, रोज दुकानावर संगं आणतो. मागं आडवी होऊन झोपती. कडक बुशावर तिला झोपच लागंना."

"आणि रबरीवर?"

तो हसला. "नांदेडात उठवावं लागतं. उठली की म्हणती, आलं बी का?"

म्हणजे वळणावर तो माझ्या पुढं निघायचा, तेव्हा साध्या रबरी बुशांवर मागं त्याची माय झोपलेली असायची.

काम झाल्यावर त्यानं जुन्या बुशांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. आत कुणीच नव्हतं. तरी त्यानं दार दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं.

आणि मी पहिल्यापेक्षा जास्त जळलो.