कोळशाच्या खुणेची अंडी

आमच्या बालवाडीतल्या मावशींनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती ऐकून किंवा बघून खरी मानली नाही. हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, नखानं खरवडायची आणि जमलंच तर जिभेला लावून बघायची, मगच ती वस्तू जगात आहे यावर त्यांचा विश्वास बसायचा. मुंबईच्या एका दात्यानं रंगीत खडूंचे खोके पाठवले, तेव्हा मुलांच्या आधी मावशींनी हिरवा खडू चावून पाहिला आणि "चव नाय याला" म्हणून परत ठेवला. मुलांना आकार करायला मी कणकेत मीठ आणि रंग घालून गोळा मळला होता, त्याचा चिमूटभर तुकडा तोंडात टाकून "बाई, मीठ लय झाला" असं त्यांनी भर वर्गात जाहीर केलं. नाताळच्या गोठ्यातल्या बाळ येशूचे प्लॅस्टरचे पाय त्यांनी चाचपले, ते गार लागले, आणि दुसऱ्या दिवशी बाळाच्या अंगावर जुन्या लुगड्याची चौघडी दिसली. मावशी ख्रिस्ती नव्हत्या. जामसरकडच्या एका पाड्यावर त्यांचं घर, घरात त्यांचे देव, शेतात भात आणि नागली. पण ती चौघडी काढायला आमच्या मोठ्या सिस्टरांचाही हात धजला नाही आणि त्या वर्षी फादरांनी पांघरुणातल्या बाळालाच धूप दाखवला.

मी वसईची. बालशिक्षणाचा डिप्लोमा घेऊन जव्हारला मिशनच्या बालवाडीत लागले, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती आणि तिच्यात कपड्यांपेक्षा तक्तेच जास्त होते. 'मूल हातांनी शिकतं' हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी म्हणायचे. मावशी ते ऐकून घ्यायच्या आणि एकदा त्यांनी सरळ विचारलं, "मंग दुसरा कशानं शिकतात?" वसंत ऋतूचा पाठ आला की मी ट्यूलिपच्या फुलांचा तक्ता लावायचे. खिडकीबाहेर पळस पेटलेला, कुसुंबाला लाल पालवी फुटलेली, पाड्यांवरची पोरं पहाटे आईबरोबर मोहाची फुलं वेचून डोळे चोळत वर्गात आलेली, आणि मी त्यांना छडीनं ट्यूलिप दाखवत उभी. त्या तक्त्याशेजारी ईस्टरचा तक्ता होता. त्यावर रंगीत अंड्यांची टोपली धरलेला एक गुबगुबीत ससा होता. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं, कागदच लागला, मग त्या माझ्याकडे वळल्या. "टीचरबाई, ससा काय अंडी घालतो?" पोरं खिदळली. मी म्हटलं, मावशी, ही एक गंमत आहे. "सशाचा पोट मी हातानं साफ केलाय," मावशी म्हणाल्या, "आत पिलां असतात. अंडी नाय." त्या दिवसापासून माझ्या वर्गात मी काहीही सांगितलं की मुलं आधी मावशींच्या तोंडाकडे बघायची. मला याचा किती राग यायचा हे आज सांगायचीही लाज वाटते. हातांनी शिकण्यावर भाषण देणारी मी, आणि ज्या एका बाईला दुसरं काही येतच नव्हतं, तिचाच मला मत्सर वाटत होता.

त्या रागातच मी ठरवलं की या खेपेला असा पाठ घ्यायचा की मावशींनी बघत राहावं. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता, सणाला जेमतेम चार आठवडे होते. मी मुलांना सांगितलं, उद्या घरून एकेक अंडं घेऊन या, आपण 'नवं जीवन' शिकणार आहोत. माझ्या मनात होतं की अंडी उकडायची, मुलांकडून रंगवून घ्यायची आणि मोठ्या सिस्टरांना दाखवायची. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांनी अंडी आणली, भरली तेरा. प्रत्येक अंड्यावर कोळशानं खूण केलेली होती. कुठे फुली, कुठे दोन रेघा, कुठे टिंब. मला वाटलं, आपल्याच पोरानं आपलं अंडं रंगवावं म्हणून आयांनी काळजी घेतली असेल, आणि त्यांचं मला कौतुक वाटलं. संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात मी तेराही अंडी टणक उकडली. खुणा उकळत्या पाण्यात पुसट झाल्या, पण ओळखू येत होत्या.

सकाळी वर्गात येते तर मावशी काखेत डालगं धरून उभ्या, डालग्यात करड्या रंगाची कोंबडी, पिसं फुलवून गुरगुरणारी. दाराशी चार-पाच आया, आणि त्यांच्यामागे कौतुकानं हसणाऱ्या मोठ्या सिस्टर. "खुडूक आणलीय," मावशी म्हणाल्या, "अंडी दे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या त्या भागात या दिवसांत घरातलं अंडं दुसऱ्याच्या दारी जातं ते एकाच कामासाठी. ज्याच्याकडे खुडूक, म्हणजे उबवणीला आलेली कोंबडी असेल त्याच्याकडे बसवायला. खूण करून द्यायचं आणि एकवीस दिवसांनी आपलं पिल्लू घेऊन जायचं. शाळेनं अंडं मागितलं म्हणजे शाळेत कोंबडी बसणार, यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. एक आई पुढे झाली. तिची मुलगी सोनी माझ्याच वर्गात होती. "आमची तांबडी कोल्ह्यानं नेली टीचर," ती म्हणाली. "तिचा येवढा एकच अंडा ऱ्हाला व्हता. दोन रेघांचा. पिलू निघंल ना?" आणि मोठ्या सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याला म्हणतात प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण. शाबास!" तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. बायांनो, माझी चूक झाली, मी अंडी उकडली. एवढंच. मी कपाटातून त्या उकडलेल्या अंड्यांची टोपली काढली आणि मावशींच्या हातात दिली. मावशींनी पहिलं अंडं उचललं, क्षणभर तळहातावर तोललं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पळस बघत होते. मावशींनी एकेक करून तेराही अंडी कोंबडीखाली सारली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे एकवीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी मुलांच्या जेवणात खिचडीवर अर्धं अर्धं उकडलेलं अंडं होतं. मावशी म्हणाल्या, घरून आणली. मी दोन फोडी खाल्ल्या आणि छान आहे म्हटलं. रोज प्रार्थनेनंतर मुलं कोंबडीभोवती गोल बसायची, तिला पाणी, कणी ठेवायची, आणि एरवी मिनिटभर गप्प न बसणारी पोरं तिच्यासाठी कुजबुजत बोलायची. सोनी तर डबा घेऊन तिच्याशेजारीच जेवायची. मी मनातल्या मनात नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना चालू केला होता, त्यात माझी विनंती अशी होती की एखादं मांजर यावं. आठव्या दिवशी मावशी मुठीचा नळा करून एकेक अंडं उन्हाकडे धरून मुलांना दाखवणार होत्या. त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून रजा टाकली. दुसऱ्या दिवशी मुलं अंगावर धावूनच आली. "टीचर, अंड्यात लाल लाल दोरा हाय! हालतो!" मला वाटलं, मावशींनी सांगितलं म्हणून यांना दिसलं. एकदा शाळा सुटल्यावर मी स्वतः डालग्यात हात घालून बघायचं ठरवलं. कोंबडीनं अशी चोच मारली की त्यानंतर मी त्या कोपऱ्याकडे फिरकले नाही. मूल हातांनी शिकतं, टीचर शिकत नसावी.

मग मी जे केलं ते चूक म्हणून सोडून देता येत नाही. दिवस जवळ येऊ लागले तशी आयांची चौकशी वाढली, माझी झोप उडाली, आणि एका सकाळी मी मोठ्या सिस्टरांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की कोंबडीच्या पिसवा मुलांना चावतात, वर्गात घाण होते, मावशींना स्वच्छतेचं काही कळत नाही, अशा बाईला लहान मुलांच्या वर्गात ठेवावं की नाही याचा विचार करा. कोंबडी हलली की अंडी बिघडली असं म्हणता येईल आणि दोष मावशींच्या अंगावर जाईल, असा माझा हिशोब होता. सिस्टर वर्गात आल्या आणि मुलांसमोर म्हणाल्या, "मावशी, हा वर्ग आहे, खुराडं नव्हे." मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांनी सहज म्हटलं असतं, अंडी कोणी उकडली ते या टीचरला विचारा. त्या म्हणाल्या, "बरा." डालगं पदराखाली झाकून दोन्ही हातांनी अलगद उचलून त्यांनी ते लाकडांच्या खोलीत नेलं, इतक्या हळू की कोंबडी जागची हललीसुद्धा नाही. मागोमाग सगळा वर्ग चवड्यांवर चालत गेला आणि मी रिकाम्या वर्गात ट्यूलिपच्या तक्त्यासमोर उभी राहिले.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सकाळी लाकडांच्या खोलीतून किंकाळ्या ऐकू आल्या. मी धावले. मावशींच्या ओच्यात पिवळे, करडे, ठिपक्यांचे ओले गोळे चिवचिवत होते. अकरा पिल्लं! मी खाली मातीत गुडघे टेकले. ख्रिस्ती घरात जन्मले, दर रविवारी मिस्साला गेले, पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे हे हजार वेळा तोंडानं म्हटलं, पण ते खरोखर पटलं त्या लाकडांच्या खोलीत. पंधरा मिनिटं उकडलेल्या अंड्यांतून पिल्लं आली होती! सोनीची आई आली, दोन रेघांच्या कवचाशेजारचं पिल्लू तिनं उचललं आणि रडायलाच लागली. "ह्ये बघा, तांबडीचाच रंग!" मीही रडले. संध्याकाळपर्यंत मी चमत्काराच्या गुंगीत होते. मग लक्षात आलं की दोन अंडी नासली आहेत. देव चमत्कार करायला बसला तर दोन अंडी कशाला नासवेल? आणि उकळत्या पाण्यात पुसटलेल्या कोळशाच्या खुणा आता इतक्या काळ्या कशा झाल्या?

ईस्टरनंतर मी वसईहून आणलेल्या केकचा खोका घेऊन जामसरला गेले. मावशी मोहाला गेल्या होत्या. सुनेनं पाणी दिलं. अंगणात एकही पिल्लू नव्हतं. मी विचारलं तर ती कुरकुरली, "सासूनं औंदा सगळी अंडी साळंत नेली. येका सांजंला डालगा भरून. शेजारनीच्या तांबडीचा येक अंडा तर मागून नेला. घरची दुसरी खुडूक तशीच रिकामी उठवली. आता पावसाळ्याला इकायला कोंबडा नाय का कोंबडी नाय." मला खिचडीवरच्या त्या फोडी आठवल्या. मावशींना पहिलं अंडं तळहातावर घेताच कळलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी अंडी बदलली, प्रत्येकीची खूण तशीच्या तशी काढली, आणि माझी उकडलेली अंडी वाया जाऊ नयेत म्हणून मलाच खाऊ घातली. मी केकचा खोका ओट्यावर ठेवला आणि मावशी यायच्या आत पळून आले. हो, पळूनच.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मावशींना वर्गातून काढून वसतिगृहाची भांडी घासायला ठेवलं होतं. माझी तक्रार सिस्टरांच्या लक्षात राहिली होती. मी ऑफिसच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा हजेरीबद्दल काहीतरी विचारून परत आले. मुलं काहीही नवीन सांगितलं की जुन्या सवयीनं दाराकडे बघायची, तिथे कोणी नसायचं. वर्षभर मावशी नळाखाली पातेली घासत होत्या, मला बघितलं की "काय टीचरबाई" म्हणून हसत होत्या, आणि मग गुडघे दुखतात म्हणून घरी बसल्या. फादरांजवळ मी पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, माझ्याजवळ कशाला, त्यांच्याजवळ जा. त्यालाही दोन वर्षं झाली.

या वर्षी पळस फुलला तेव्हा मी एकदाची सिस्टरांच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीपण त्यांना मुलांसमोर बोलले होते." शनिवारी मी जामसरची वाट धरली. रुमालात एक अंडं होतं, त्यावर माझ्या हातानं कोळशाची फुली. मावशी अंगणात मोहाची फुलं पसरत होत्या, केस सगळे पांढरे झालेले. वाटभर जुळवून ठेवलेली वाक्यं मी विसरले. एवढंच म्हटलं, "मावशी, मी फार वाईट वागले. अंडी मी उकडली होती. तक्रारही मीच केली." मावशींनी मान हलवली, जसं मी आज ऊन आहे म्हटलं होतं. त्यांनी माझ्या हातातला रुमाल सोडला, अंडं घेतलं, तळहातावर तोललं, मुठीचा नळा करून उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटून आत बघता बघता विचारलं, "कच्चा हाय ना ग बाई?"

मी हसले आणि त्याच तोंडानं रडायला लागले. मावशींनी अंडं नेऊन पडवीतल्या खुडूक कोंबडीखाली सारलं आणि एकवीस दिवसांनी ये म्हणाल्या. आज तेरावा दिवस आहे.