गॅलरीखालचा बाक

पाळकसाहेबांनी स्मरणसभेत इंजिनिअरचे गुण गायला सुरुवात केली आणि पुढच्या बाकावर बसलेल्या त्याच्या थोरल्या मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "चर्च आणि कुटुंब, या दोनच गोष्टींसाठी हा माणूस जगला," पाळकसाहेब म्हणाले. लोक माना डोलवत होते. त्यांच्यानंतर दोन शब्द थोरलीने बोलायचे होते. आईने तिचा हात दाबला. "चांगलंच बोल हं."

चांगलं! बाप पुलांचा इंजिनिअर, नाकावर माशी बसू न देणारा. सुटी असली की स्वारी चर्चमध्ये. छप्पर त्यानेच बदललं, घंटा त्यानेच बसवली. घरी आला की जेवणाआधी लांबलचक प्रार्थना, आणि मधे कुणी खोकलं की परत पहिल्यापासून! धाकट्या भावाला सर्दी झाली की सगळ्या घराने गार अन्न गिळायचं. असं हे कुटुंबावरचं प्रेम.

पाळकसाहेब आता गॅलरीच्या गोष्टीवर आले. येणारच होते. चर्चमध्ये वर बसायला लाकडी गॅलरी बांधली ती इंजिनिअरनेच. लोकांना वर सोडण्याआधी वाळूची पोती रचून तिची भार चाचणी घ्यायची होती. चाचणी चालू असताना खाली चिटपाखरू नको, हा नियम याच माणसाने कामावरच्या लोकांना ओरडून ओरडून शिकवलेला. आणि चर्चमध्ये काय केलं? बायकोला आणि दोन्ही लेकरांना बरोबर गॅलरीखालच्या बाकावर बसवलं! "प्रभूवर भरवसा आहे ना? मग बसा." स्वतः कुठे? दारात. गॅलरी किती वाकते ते मोजायचं यंत्र बघायला कुणीतरी हवं ना!

"केवढा हा विश्वास!" पाळकसाहेब गहिवरले.

पुढचं मात्र त्यांनी गिळलं. पोती चढत गेली आणि डोक्यावरची तुळई करकरली. आई ताडकन उठली. एका काखेत धाकटा, दुसऱ्या हातात थोरली, आणि बाई जी सुटली ती थेट अंगणात. गॅलरी पडली नाही. नवरा बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काही वाजलं नाही. तुझा विश्वासच कच्चा." पुढच्या उपासनेला त्याने तिला सगळ्या मंडळीसमोर उभं करून माफी मागायला लावली. तेव्हापासून चर्चमध्ये तिचं नावच पडलं, पळपुटी. पोरं तर सोडाच, म्हाताऱ्या बायकाही तोंडाला पदर लावून हसायच्या. हळूहळू आईचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. दाराला कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, साधी साधी गोष्टही ती नवऱ्याला विचारून खात्री करून घ्यायची.

थोरलीला एकच हवं होतं. ज्या जागी आईने मान खाली घातली, तिथेच तिच्यावरचा डाग पुसायचा. आज नाही तर कधीच नाही. ही मंडळी पुन्हा थोडीच एवढी जमणार होती?

ती व्यासपीठावर गेली. "पपा चांगले इंजिनिअर होते," ती म्हणाली. लोक खूश. "म्हणूनच विचारते, चाचणी चालू असताना तुळईखाली माणसं बसवतात का?"

तिने गॅलरीकडे बोट केलं.

"आणि त्या चाचणीनंतर महिन्याभरात गॅलरीखाली ते दोन खांब कशाला आले?"

"अहो, ते शोभेचे," पाळकसाहेब जागेवरूनच कुजबुजले.

"शोभेचे खांब बाकांच्या मधोमध? पाळकसाहेब, अर्ध्या मंडळीला त्यांच्याआडून तुमचं तोंडसुद्धा दिसत नाही!" मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोरलीचा आवाज चढला. "तुळई करकरली होती. मी ऐकलं. पपांनीही ऐकलं, म्हणून गुपचूप खांब लावले. आई घाबरट नव्हती, तिने आम्हाला वाचवलं. माफी मागायची होती ती त्यांनी!"

पाळकसाहेबांनी घाईघाईने पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं. लोक उठून उभे राहिले, कुणी तिच्याकडे बघेना. थोरली बाकाकडे आली तसा धाकटा दातओठ खात म्हणाला, "आजच्या दिवशी तरी लाज बाळगायचीस! बाप होता तो." त्याच्याशी वाद घालायची ही वेळ नव्हती. ती आईशेजारी बसली. आता आईही बोल लावणार, अशी तिने मनाची तयारी केली होती.

आई गात नव्हती. थोरलीचा हात धरून ती त्या दोन खांबांकडे टक लावून बघत होती.

"तुलाही ऐकू आलं होतं?" तिने विचारलं.

"हो, आई. चांगलं मोठ्यांदा."

"आणि खांब त्यासाठी?"

"त्यासाठीच."

आईने तिचा हात सोडला. "म्हणजे ह्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत असून मला उभं केलं."