मोठ्या बाईंचे शेक

मोठ्या बाई मराठी, गोंडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत रागवत. अहेरीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या थोरल्या नर्स, मी हाताखालची नवखी. लस द्यायला गेलो की त्या बोलत बोलतच घरात शिरत, आणि आईने नको म्हणायच्या आत पोराला सुई टोचून झालेली असे.

खोड एकच. दिवसातून चारदा गुडाखूने, म्हणजे तंबाखू-गुळाच्या त्या काळ्या लगद्याने, दात घासायच्या. मी काही म्हटले की विचारत, "तू मले शिकवून राह्यली काय वो?"

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्यांच्या जिभेच्या कडेला जखम झाली. महिनाभर भरली नाही. आरशात पाहून त्यांनी स्वतःच कॅन्सर ओळखला, गुडाखूची डबी चुलीत टाकली आणि रजेचा अर्ज लिहिला. म्हणाल्या, "लहान आहे तोवरच कापून घेतो."

नागपूरला जिभेचा तुकडा काढला. गाठ लहानच होती, पण कापलेल्या कडेपाशी रोग उरल्याची शंका होती, म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे किरणांचे शेक सांगितले. सोबतीला मी होते. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघाले. गार पेजेच्या घोटानेही डोळ्यांत पाणी यायचे. बोलणे बंद झाले. पाटीवर लिहीत, तेही हुकूमच.

शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडची एक तरुण गोंड स्त्री होती. तिलाही जिभेचेच दुखणे. नऊ शेक झाल्यावर तिने बोचके बांधले. डॉक्टर मराठीत समजावत होते, नवरा नुसती मान हलवत होता आणि ती दाराकडे निघाली होती. मोठ्या बाईंनी पाटी माझ्याकडे दिली, त्या उठल्या आणि तिच्याशी गोंडीत बोलू लागल्या. शब्द तुटत होते, ओठावर लाळेत रक्त आले होते. ती थांबली. ऐकत राहिली. मग खाटेवर येऊन बसली.

"काय सांगितलं तिला?" मी विचारले.

बाईंनी पाटीवर लिहिले: 'मले तुह्याहून जास्त दुखते. मी थांबलो, तू काऊन पळतं?'

दोघींनीही शेक पुरे केले. बाई पुन्हा रुजू झाल्या आणि आणखी नऊ वर्षे गावे फिरल्या. तोंड सारखे कोरडे पडे, 'र' कधीच नीट उमटला नाही.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभात केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी सुचवले की बोलण्याचा त्रास नको, बाईंच्या वतीने आपणच आभार मानू. बाईंनी हातानेच त्यांना खाली बसवले.

"माहे आभाल मीच मानतो, साहेब," त्या म्हणाल्या, आणि पाऊण तास बोलल्या.