लोहाराकडचा सुरा

नोकरीत हाताखालून सुरे, गुप्त्या, जंबिये पुष्कळ गेले. त्यातला एक सुरा मात्र मी अजून विसरलेलो नाही. त्याने कुणाच्या अंगावर ओरखडाही काढला नव्हता, तरी त्याच्यापायी एका चांगल्या माणसाच्या पोटावर पाय आला असता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरणगावातल्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. रोज मोर्चे, सभा, बंदोबस्त. शहरात हत्यारबंदी लागू होती. खबरी इतक्या यायच्या की विचारू नका, आणि त्यातल्या निम्म्या नळावरच्या भांडणातून निघायच्या.

एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घातलेला, भांग नीट पाडलेला एक तरुण ठाण्यात आला. फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होता. उजव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली.

“साहेब, डिलाईल रोडला आमच्या चाळीत एकाने सुरा आणून ठेवलाय,” तो म्हणाला. “मोर्च्यात चालवणार. खाटेखाली खाकी पिशवी आहे, तिच्या तळाला, गोणपाटात गुंडाळलेला.”

“तुझा कोण तो?”

“कोणी नाही. जिन्यात दिसला तर हसायचं, एवढंच.”

पंच घेऊन झडती घेतली. सुरा सांगितल्या जागीच मिळाला, गोणपाटासकट. पिशवीत आणखी दोरखंड, पत्र्याचा मग आणि खालचा काठ फाटलेला निळ्या चौकड्यांचा सदरा होता. सगळ्याचा पंचनामा केला आणि खोलीतल्या तरुणाला ठाण्यावर आणलं. हा मालवणकडचा, गिरणीत बदली कामगार. कित्येक वर्षं बदलीवर काढल्यावर आता त्याला कायम करायचं ठरलं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर गिरणीने त्याला दारात उभं केलं नसतं. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली होती आणि हवालदाराने कितीही सांगितलं तरी उठत नव्हती.

“सुरा कशाला लागतो रे तुला?” मी दरडावून विचारलं.

“सायबानू, ह्यो लाकडां फोडूचो सुरो. माणसांक लावूचो नाय,” तो म्हणाला. मग सावरून सांगू लागला. चाळीतली चारपाच पोरं रविवारी गडावर जायची. तिथेच चूल मांडायची, भात शिजवायचा. “दुकानातले चांगले चाकू आपल्याला परवडत नाहीत, आणि परवडतात ते दोन फांद्यांत मान टाकतात. म्हणून लालबागच्या लोहाराकडून जुन्या कानशीचा करून घेतला.”

मी सुरा हातात घेतला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाच तो हवासा वाटला. मिटायची भानगड नाही, पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, बाभळीची मूठ जाड खिळ्यांनी ठोकलेली. दिसायला काळाकभिन्न. पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकल्याचे खळगे होते. लाकडावर पातं ठेवून वरून दगड मारला की असे पडतात. माणूस मारायला आणलेल्या सुऱ्याच्या पाठीवर कुणी दगड हाणत नाही.

“तुझं कुणाशी वाकडं आहे?” मी विचारलं.

“कोणाशीच नाही साहेब.”

मला ते खरं वाटलं, पण हुकूम हत्याराचा होता आणि वरिष्ठांना खळगे दाखवून भागलं नसतं. शिवाय एक गोष्ट टोचत होती. जिन्यात नुसतं हसणाऱ्या माणसाला पिशवीच्या तळाचं गोणपाट कसं ठाऊक? मी कारकुनाला जबाबासाठी बोलावून घेतलं. तो सही करायला वाकला आणि माझं लक्ष त्याच्या चिंधीवर गेलं. निळ्या चौकड्या होत्या.

“हाताला काय झालं?”

“आईला भाजी चिरून देत होतो. सुरी लागली.”

“डावखुरा आहेस?”

“नाही.”

“अरे शहाण्या, उजव्या हाताने चिरणाऱ्याला सुरी डाव्या हाताला लागते. सोड ती चिंधी.”

चारी बोटांना आतून एकाच सरळ रेषेत काप होता. मिटणारा चाकू जोर देताना हातातच मिटला की असाच कापतो. मी कपाटातून तो फाटका सदरा काढून टेबलावर पसरला आणि चिंधी त्याच्या काठाला लावली. चौकडीला चौकडी बसली. हवालदार म्हणाला, “काय राव, जिन्यातली ओळख बरीच दाट दिसते.”

कारकुनाने हातातली लेखणी खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. दोघे लहानपणापासूनचे जिवलग. गडावर चाकू नेहमी याचा असायचा, विलायती, शिंपल्याच्या मुठीचा, आणि पोरं तो हातात घ्यायला मागायची. गेल्या रविवारी फांदी तोडताना तो फटकन मिटला. बोटं कापली. बदलीवाल्याने गोणपाटातून लोहाराकडचा सुरा काढला आणि चुटकीसरशी लाकडं फोडून दिली.

“दिवसभर सगळी त्या काळ्या सुऱ्याचं कौतुक करत होती साहेब. माझ्या चाकूला हसली. आणि वर त्यानेच स्वतःचा सदरा फाडून मला पट्टी बांधली. तेव्हापासून माझं अंग नुसतं जळतंय.”

त्याचा नवा जबाब घेतला, बाकीच्या पोरांना विचारून खात्री केली आणि वरिष्ठांपुढे कागद ठेवले. त्यांनी समज देऊन बदलीवाल्याला सोडायला सांगितलं. शहर निवेपर्यंत सुरा ठाण्यातच राहिला.

बदलीवाला बाहेर आला तेव्हा कारकून बाकावर बसला होता. मी काही सांगितलं नव्हतं, पण कारकुनाचा चिंधी सुटलेला हात आणि टेबलावरचा सदरा पाहून तो काय ते समजला असावा. म्हणाला, “जखम उघडी ठेवू नको रे. बरी झाली की लोहाराकडे जाऊ, तुला पण एक करून घेऊ.” आणि आईचा हात धरून पायऱ्या उतरला.

मला वाटलं, आता कारकून रडेल. तो रडला नाही. त्याच्या पाठीकडे बघत दात आवळून म्हणाला, “बघितलंत साहेब? आतासुद्धा मोठेपणा त्याचाच.”

वैऱ्याला आपल्या पिशवीच्या तळाशी काय आहे ते ठाऊक नसतं. म्हणून त्यानंतर फार तपशिलाची खबर आली की मी आधी विचारायचो, याच्या घरी तू जेवायला कितीदा बसला आहेस? त्या दिवशी मात्र मी हवालदाराला एवढंच सांगितलं, की सुटलेल्याची काळजी नको, या बाकावरच्यावर नजर ठेवा.